उंदराची दाढ : एका मापाचा इतिहास

कोणत्याहि मापाचा अर्थ माप घेणाऱ्याच्या हातांतील पट्टीवर जितका अवलंबून असतो, तितकाच तो ज्याचें माप घेतलें त्याच्या ओळखीवरहि अवलंबून असतो. अंगरख्याचें माप नुसतें 'बत्तीस इंच' म्हणून कळविलें, तर तो अंगरखा वाढत्या वयाच्या मुलासाठीं कीं पूर्ण वाढ झालेल्या माणसासाठीं, हें शिंपी प्रथम विचारील. ही गोष्ट इतकी उघड आहे कीं, ती सांगण्याचें कारणहि वाटूं नये. परंतु प्राणिशास्त्राच्या इतिहासांत हीच उघड गोष्ट पूर्णपणें पचनीं पडण्यास विद्वानांना पुष्कळ वर्षें लागलीं. आणि ज्या प्राण्यानें त्यांस हा धडा दिला, तो प्राणी म्हणजे घराघरांत नांदणारा, धान्याची नासाडी करणारा आणि प्लेगच्या दिवसांत मृत्यूचा अग्रदूत ठरलेला उंदीर होय.

उंदराच्या तोंडांत एकंदर सोळा दांत असतात. पुढें वर दोन व खालीं दोन असे चार पटाशीचे दांत. त्यांच्या मागें, इतर प्राण्यांस जेथें सुळे असतात तेथें, बरीचशी मोकळी जागा. आणि त्यामागें वरखालीं प्रत्येक बाजूस तीन तीन याप्रमाणें बारा दाढा. उंदरास दुधाचे दांत नाहींत. जे एकदां उगवतात तेच अखेरपर्यंत साथ देतात. घरांत जिला उंदराचीच बहीण समजतात त्या चिचुंद्रीचें तोंड उघडून पाहिलें, तर तेथें अशी मोकळी जागा मुळींच आढळत नाहीं. बारीक अणकुचीदार दांतांची ओळ आढळते, व ती उंदराच्या कुळांतील नव्हे हें तेथेंच ठरतें. उंदराचे पटाशीचे दांत जन्मभर वाढत असतात. म्हणूनच त्यास सतत कांहींतरी कुरतडावें लागतें. घरउंदराच्या दाढा मात्र एकदां बाहेर आल्या कीं वाढत नाहींत, फक्त झिजतात. वाढणारा दांत आणि न वाढणारी दाढ यांतील हा भेद पुढील सर्व हकीकतीचा पाया आहे.

या दांतांकडे शास्त्रज्ञांचें लक्ष जाण्यास हिंदुस्थानापुरतें तरी एक भयंकर कारण घडलें. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. व्हीगस यांस ग्रंथिज्वराचा रोगी आढळला आणि प्लेग शहरांत शिरल्याची बातमी फुटली. पुढील पंचवीस वर्षांत या रोगानें हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें नेलीं. रोगाचा जंतु अलेक्झांडर येरसिन यांनीं १८९४ सालीं हाँगकाँग येथें शोधून काढला होता. १८९८ सालीं कराची येथें पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्यानें, हा जंतु एका उंदरापासून दुसऱ्या उंदरापर्यंत पिसवा पोंचवितात असें प्रयोगानें दाखविलें. तरी पुष्कळ दिवस त्याच्या म्हणण्यावर कोणी विश्वास ठेवीना. अखेर १९०५ सालीं नेमलेल्या प्लेग संशोधन मंडळानें मुंबईस परळ येथील प्रयोगशाळेंत ठाण मांडलें. आणि ग्लेन लिस्टन व त्यांचे सहकारी यांच्या परिश्रमांनीं उंदीर, पिसू व माणूस ही सांखळी निर्विवाद सिद्ध झाली.

सांखळी सिद्ध झाली तेव्हां दुसरा प्रश्न उभा राहिला. उंदीर म्हणजे कोणता उंदीर ? मुंबईंत मुख्यतः दोन जाति होत्या. एक, घराच्या छपरांत, माळ्यावर व अडगळींत राहणारा लांब शेपटीचा घरउंदीर; दुसरा, गटारांत व तळमजल्याखालीं बिळें करून राहणारा जाड शरीराचा गटारी उंदीर. मंडळास असें आढळून आलें कीं, सांथ प्रथम गटारी उंदरांत फैलावते, मग कांहीं दिवसांनीं ती घरउंदरांत शिरते, आणि त्यानंतर माणसें आजारी पडूं लागतात. माणसाच्या उशापायथ्याशीं वावरणारा जो घरउंदीर, तोच खरा धोक्याचा. म्हणून रोज पकडलेल्या व मेलेल्या उंदरांची जातिवार मोजदाद ठेवणें हें केवळ विद्वानांचें कुतूहल राहिलें नाहीं. पुढील आठवड्यांत कोणत्या पेठेंत मृत्यु येणार याचें भाकित त्या मोजदादीवर बसवितां येत होतें.

पण जात ओळखावी कशी ? रंगावर भरंवसा ठेवतां येत नाहीं. एकाच घरांतील घरउंदरांत करडे, तांबूस व काळसर असे सर्व रंग दिसतात. स्तनांची संख्या ही त्याहून बरी खूण. घरउंदराच्या मादीस बहुधा दहा व गटारी उंदराच्या मादीस बारा स्तन असतात. परंतु ही खूण मादीपुरतीच. पिंजऱ्यांतील जे नर, त्यांचें काय करावें ? शेपूट अंगाहून लांब कीं आखूड हें पाहावें, तर लढाईंत वा सांपळ्यांत शेंपटी तुटलेले उंदीर थोडे नसतात. तेव्हां नर असो वा मादी, जिवंत असो वा सुकून गेलेलें असो, ज्याच्या आधारें निर्णय देतां येईल असा एकच साक्षीदार शिल्लक राहतो, तो म्हणजे कवटी व तींतील दांत.

कलकत्त्यास प्लेगनिवारणाच्या कामावर असलेल्या हॉसॅक यांनीं १९०७ सालीं तेथील उंदरांवर एक विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. दोन वर्षांनीं, १९०९ सालीं, लॉइड या लष्करी वैद्यानें हिंदी उंदरांच्या निरनिराळ्या वंशांविषयीं असाच ग्रंथवजा लेख लिहिला. दोन्ही लेख कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियमनें छापले. संग्रहालयांत दूरदेशाहून आलेलीं दोनचार कातडीं पाहून जाति ठरविणें निराळें, आणि प्लेगखात्याच्या टेबलावर ढिगांनीं येणारे उंदीर निवडणें निराळें. ढीग समोर आला म्हणजे त्यांत म्हातारे, तरुण, पिलें, नर, माद्या अशी सर्व प्रजा एकत्र येते. पोरवयाची घूस आणि पूर्ण वाढलेला घरउंदीर अंगानें सारखे दिसतात; मोठ्या जातीचें पोर आणि लहान जातीचा बाप यांची वजनें एकच भरतात. वजनावर, लांबीवर किंवा कवटीच्या आकारावर विसंबणारा मनुष्य येथें हटकून फसावयाचा.

अशा वेळीं दाढ कामास येते. घरउंदराच्या वरच्या जबड्यांतील तीन दाढांची ओळ साधारणपणें सहा ते सात मिलिमीटर भरते. थोरल्या घुशीची ओळ दहा मिलिमीटरांच्या आसपास जाते. घुशीच्या पिलाचें अंग घरउंदराएवढें असलें, तरी त्याच्या तोंडांतील उगवलेल्या दाढा पुऱ्या घुशीच्याच असतात. लहान चेहऱ्यांत मोठी दाढ दिसली कीं, 'हें पोर आहे आणि मोठ्या घरचें आहे' असें ती दाढ निर्विवाद सांगते. शरीराच्या इतर भागांस वय लपवितां येतें. दाढेस कूळ लपवितां येत नाहीं.

दाढेस हा स्थिरपणा कोठून आला, हें समजण्यास प्रत्येक उंदराची जन्मतिथि ठाऊक असणें अवश्य होतें. आणि गटारांतून पकडलेल्या उंदराचा जन्मदाखला कोण देणार? तें काम अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं झालें. तेथील विस्टर इन्स्टिट्यूटमध्यें हेन्री हर्बर्ट डोनाल्डसन यांनीं १९०६ सालापासून पांढऱ्या उंदरांचा मोठा कळप पाळला. प्रत्येक पिलाचा जन्मदिवस, लिंग, वजन, आहार यांची नोंद ठेवण्यांत येऊं लागली, आणि १९१५ सालीं या नोंदींचें कोष्टकमय पुस्तक बाहेर पडलें. डोनाल्डसन यांनीं असा हिशेब मांडला होता कीं, उंदराचीं तीन वर्षें म्हणजे माणसाचीं नव्वद वर्षें. म्हणजेच उंदराचा एक दिवस माणसाच्या एका महिन्याबरोबर. ज्या बदलांचें निरीक्षण करण्यास माणसाच्या बाबतींत दोन पिढ्या खर्ची पडल्या असत्या, ते बदल उंदराच्या बाबतींत एका कारकीर्दींत अनेक वेळां पाहतां आले. त्याच १९१५ सालीं ॲडिसन व ॲपलटन या दोघांनीं पटाशीच्या दांतांच्या वाढीचें माप प्रसिद्ध केलें : वरचा दांत आठवड्यास सुमारें २·२ मिलिमीटर व खालचा सुमारें २·८ मिलिमीटर वाढतो. म्हणजे वर्षभर न झिजतां तो वाढत राहिला, तर खालचा दांत चौदा सेंटिमीटरांच्या पुढें जाईल, आणि उंदीर आपल्याच दांतानें उपाशी मरेल.

दाढांची गोष्ट याच्या अगदीं उलट. पांढऱ्या उंदराच्या पिलास पहिली दाढ तिसऱ्या आठवड्यांत फुटते. दुसरी त्यानंतर दोनतीन दिवसांत. आणि तिसरी सुमारें पांचव्या आठवड्यांत. दाढेचा माथा हिरडीखालींच पूर्ण तयार होतो. त्यावर एनॅमल नांवाचें जें अतिकठीण वेष्टण चढतें, तें घडविणाऱ्या पेशी दाढ बाहेर येतांच नाहींशा होतात. कारागीरच निघून गेला म्हटल्यावर इमारतीस मजला चढणार कसा ? यामुळें दाढेच्या माथ्याची लांबीरुंदी जन्माच्या पहिल्या महिन्यांतच कायमची ठरून जाते. पुढें हाडें लांबोत, स्नायु फुगोत, वजन दुप्पट चौपट होवो, दाढ आहे तेवढीच राहते.

नर आणि मादी यांच्या दाढांत फरक फारच थोडा कां, याचेंहि उत्तर याच कालक्रमांत आहे. गटारी उंदराचा नर पूर्ण वाढीनंतर मादीहून स्पष्ट मोठा असतो. त्याची कवटीहि लांब व कंगोरेदार होते. परंतु हा फरक मुख्यतः उंदीर वयांत येऊं लागल्यावर, म्हणजे पांचव्या-सहाव्या आठवड्यापासून पुढें, वाढत जातो. तोंवर तिन्ही दाढांचे माथे घडून संपलेले असतात. ज्या रसांमुळें नराचें शरीर मादीपासून वेगळें वाढूं लागतें, त्या रसांचा अंमल सुरू होण्याआधींच दाढेचें बांधकाम पुरें झालेलें असतें. पटाशीच्या दांतांची स्थिति तशी नाहीं. ते जन्मभर घडत असल्यानें शरीराच्या वाढीबरोबर रुंद होत जातात. अर्थात् म्हाताऱ्या नराचे पटाशीचे दांत तरुण मादीच्या दांतांहून रुंद भरतात. एकाच तोंडांत दोन तऱ्हेचे साक्षीदार बसलेले आहेत. एक बाल्याची आठवण जशीच्या तशी जपणारा, दुसरा रोजचा जमाखर्च लिहिणारा.

येवढें कळल्यानंतर तरी घोटाळा मिटावयास हवा होता. पण मापांच्या जगांत एक सूक्ष्म फसगत आहे, ती येथें नीट समजून घेतली पाहिजे. शास्त्रज्ञ नुसतें माप देऊन थांबत नाहींत. ते प्रमाणें काढतात. समजा, एका तरुण उंदराची कवटी ३४ मिलिमीटर लांब आहे व दाढांची ओळ साडेसहा मिलिमीटर आहे. तर ओळ कवटीच्या शेंकडा १९ भरली. हाच उंदीर म्हातारा झाला, कवटी ४२ मिलिमीटर झाली, दाढा तेवढ्याच. आतां प्रमाण शेंकडा साडेपंधरा झालें. दोन्ही कवट्या दोन निरनिराळ्या पेट्यांतून दोन निरनिराळ्या गांवांहून आल्या असत्या, तर एका गांवचा उंदीर 'मोठ्या दाढांचा' व दुसऱ्या गांवचा 'लहान दाढांचा' ठरून दोन नवीं लॅटिन नांवें जन्मास आलीं असतीं. नर व मादी यांचें तेंच. मोठ्या कवटीच्या नराच्या दाढा प्रमाणानें लहान दिसतात, लहान कवटीच्या मादीच्या मोठ्या दिसतात. दाढ स्वतः खोटें बोलत नाहीं. पण तिच्या शेजारीं जें दुसरें माप बसवावें, त्याच्या द्वारें वय आणि लिंग हळूच आंत शिरतात.

माप कोठें घ्यावें, हाहि प्रश्न होता. कोणी दाढांच्या माथ्यांवर पट्टी लावी, तर कोणी हाडांतील खोबण्यांच्या कडांवर लावी. दोन्ही आंकडे एकाच नांवानें छापले जात. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममधील ओल्डफील्ड टॉमस यांनीं १९०५ सालीं कवटीच्या लांबीच्या मापांस व दाढांस एकसारखीं नांवें असावींत म्हणून एक छोटासा लेख लिहिला. सस्तन प्राण्यांच्या सुमारें दोन हजार नऊशें नव्या जाति-उपजातींना नांवें देणाऱ्या या गृहस्थास शब्दांच्या ढिलाईनें केवढे घोटाळे होतात याची जाणीव असावी, हें योग्यच होतें.

याच सुमारास मुंबईस एक मोठें काम उभें राहिलें. १८८३ सालीं स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनें १९११ सालीं हिंदुस्थान, ब्रह्मदेश व सिलोन येथील सस्तन प्राण्यांची पाहणी हातीं घेतली. सुरुवात खानदेशांतून झाली, आणि १९२३ पर्यंत हें काम चाललें. गांवोगांव सांपळे लावून गोळा केलेल्या हजारों नमुन्यांत उंदरांच्या जाति विपुल होत्या. या पाहणीचें मोल नमुन्यांच्या संख्येपेक्षां प्रत्येक नमुन्यास बांधलेल्या चिठ्ठींत अधिक आहे. प्राणी ताजा असतांनाच त्याचें लिंग, अंगाची व शेपटीची लांबी, मागील पाऊल, कान, ठिकाण आणि तारीख हीं त्या चिठ्ठीवर लिहिलीं जात. सुकलेल्या कातड्यावरून लिंग ओळखणें कठीण. एकदां तो क्षण हुकला कीं, माप राहतें पण मापाचा धनी हरवतो. मुंबई इलाख्याच्या जंगलखात्यांतून निवृत्त होऊन लंडनला गेलेले रॉटन यांनीं आपल्या उतारवयाचीं वर्षें या नमुन्यांची छाननी करण्यांत बिनमोबदला घालविलीं. १९०८ सालीं घुशींच्या वर्गीकरणावर लेख लिहिणारे ते हेच. १९२१ सालीं ते वारले, तोंवर त्यांचें काम चालूंच होतें.

या संग्रहांतील घरउंदरांचा गुंता सोडविण्याचें काम मात्र मार्टिन हिंटन यांच्या वांट्यास आलें. हिंटन यांचा जन्म १८८३ चा. अगदीं लहान वयांत शाळा सुटली आणि लंडनमध्यें वकिलांच्या कचेरींत कारकुनी पत्करावी लागली. सुटीच्या दिवशीं नदीकांठच्या जुन्या थरांतून निघणारे बारीक दांत वेंचणें हा त्यांचा छंद होता. तो छंदच पुढें व्यवसाय झाला, आणि हाच कारकून ब्रिटिश म्यूझियमच्या प्राणिविभागाचा प्रमुख झाला.

हिंटन यांनीं ज्या दांतांवर आयुष्य वेंचलें, ते व्होल नांवाच्या प्राण्याचे. व्होल हा युरोपांतील आखूड शेपटीचा, गवत खाणारा, उंदरासारखाच लहान प्राणी. घरउंदराच्या दाढेविषयीं जें सांगितलें, तें व्होलच्या दाढेस जसेंच्या तसें लागू करूं गेल्यास फजिती होते. पुष्कळ व्होलांच्या दाढांना मुळें नसतात व त्या जन्मभर वाढतात. त्यांच्या पिलाची दाढ टोकाशीं अरुंद आणि खालीं रुंद असते. जसजशी ती झिजते, तसतसा खालचा रुंद भाग वर येतो. त्यामुळें चघळण्याच्या पृष्ठावर घेतलेलें माप पहिल्या कांहीं आठवड्यांत वयाबरोबर वाढत जातें, आणि पुढें स्थिर होतें. दुसऱ्या कांहीं व्होलांच्या दाढांना तरुणपणीं मुळें नसतात, पण कांहीं महिन्यांनीं तीं फुटतात व वर्षाच्या ओघांत लांबत जातात. युरोपांतील तांबूस रानव्होल या दुसऱ्या वर्गांतला. त्याच्या दाढेच्या मुळाची लांबी पाहून त्याचें वय अजमावण्याची रीत पुढें रूढ झाली.

आतां अशी दाढ लाखों वर्षांपूर्वींच्या मातींत एकटी सांपडली, म्हणजे काय होतें पाहा. फॉर्सिथ मेजर यांनीं १९०२ सालीं मिमोमिस या नष्ट झालेल्या व्होलवंशास नांव दिलें. इंग्लंडच्या नॉर्फोक किनाऱ्यावर सॅव्हिन या संग्राहकानें असे अनेक दांत जमविले होते. १९१० सालीं हिंटन यांनीं त्यांतील एका जातीस त्याचेंच नांव दिलें. मिमोमिसच्या कोवळ्या दाढेला मुळें नसतात, आणि तिच्या माथ्यावर एनॅमलचें एक लहान वर्तुळ दिसतें. मध्यम वयांत मुळें फुटूं लागतात. म्हातारपणीं तें वर्तुळ झिजून नाहींसें होतें व मुळें लांब दिसतात. एकाच प्राण्याच्या तीन वयांच्या तीन दाढा तीन जातींच्या वाटाव्यात, असा हा प्रकार. शिवाय मुळें असलेला मिमोमिस प्राचीन व मुळें नसलेला पाणव्होल अर्वाचीन, या क्रमावरून युरोपांत हिमयुगांतील थरांचें वय ठरवितात. म्हणजे प्राण्याच्या वयांत झालेली चूक थेट पृथ्वीच्या थराच्या वयांत उतरावयाची. या शाळेंत तयार झालेल्या माणसास उंदराच्या दांतावरील झीज हा केवळ दोष न वाटतां लेख वाटावा, यांत नवल नाहीं.

हिंदुस्थान, ब्रह्मदेश व सिलोन येथील घरउंदरांवरचा हिंटन यांचा अहवाल १९१८-१९ सालीं मुंबईच्या सोसायटीच्या नियतकालिकांत क्रमशः प्रसिद्ध झाला. दाढांवरील उंचवटे टोकदार आहेत तोंवर उंदीर कोवळा. उंचवटे झिजून आडव्या कडा झाल्या म्हणजे प्रौढ. कडाहि झिजून माथ्यावर खळगे पडले म्हणजे वृद्ध. ही वयाची पायरी ध्यानीं धरून सारख्या वयाच्या कवट्या एकमेकींशेजारीं ठेवणें, हा अशा छाननीचा गाभा असतो. झिजेवरून अचूक महिने सांगतां येत नाहींत. वाळूमिश्रित चारा खाणाऱ्याची दाढ लवकर झिजते, मऊ धान्य खाणाऱ्याची उशिरां. तरी बाप कोणता व पोर कोणतें, येवढें ती खास सांगते.

याच अहवालांत हिंटन यांनीं सातारा जिल्ह्यांतील कोयनेच्या खोऱ्यांतल्या घाटमाथ्यावरील एका रानउंदराचें वर्णन करून त्यास 'सातारी' अशा अर्थाचें लॅटिन नांव दिलें. मऊ केसांचा, पांढुरक्या पोटाचा, लांब शेपटीचा आणि झाडांवर वावरणारा हा उंदीर. हिंटन यांनीं त्यास स्वतंत्र जात न मानतां घरउंदराची एक उपजात मानलें. मग कित्येक दशकें तो ग्रंथांतून घरउंदराच्या लांबलचक उपजातींच्या यादींत एका ओळीपुरता उरला.

मध्यंतरीं मापांस गणिताची शिस्त लागली. ज्या १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला, त्याच सालीं इंग्लंडांत कार्ल पिअर्सन यांनीं, सरासरीच्या मानानें मापांत चढउतार किती होतो, हें शेंकड्यांत सांगणारा एक अंक सुचविला होता. १९३९ सालीं जॉर्ज गेलॉर्ड सिम्सन व ॲन रो या अमेरिकन दांपत्यानें प्राणिशास्त्रांतील गणितावर जो ग्रंथ लिहिला, त्यांत या अंकाचा उपयोग व्यवहारी भाषेंत सांगितला. एकाच जातीच्या प्रौढ प्राण्यांच्या बहुतेक लांबीरुंदीच्या मापांत हा अंक चार ते दहांच्या दरम्यान, बहुधा पांच-सहांच्या आसपास येतो. तो दहांच्या वर चढला, तर ढिगांत निरनिराळ्या वयांची वा जातींची भेसळ आहे असा संशय घ्यावा. चारांच्या खालीं उतरला, तर नमुने अपुरे आहेत असें समजावें. १९५१ सालीं लंडनच्या हान्स ग्रूनेबर्ग यांनीं लहान उंदरांच्या एका शुद्ध वाणावर प्रयोग करून दाखविलें कीं, दाढेचा अंकुरच विशिष्ट मर्यादेहून लहान राहिला, तर तिसरी दाढ मुळींच उगवत नाहीं. दाढेचें भवितव्य किती लवकर ठरतें, याचा हा आणखी एक पुरावा.

सातारी उंदराचें पुढें काय झालें, तें सांगितल्यावांचून ही हकीकत पुरी होत नाहीं. २००५ सालीं जगांतील सस्तन प्राण्यांची जी अधिकृत सूचि निघाली, तींत त्यास स्वतंत्र जातीचें स्थान मिळालें. आणि २०११ सालीं, दक्षिण भारतांत घरउंदीर व हा रानउंदीर एकाच प्रदेशांत राहत असूनहि शरीररचना, गुणसूत्रें आणि जनुकें या तिन्ही बाबतींत वेगळे आहेत, असें संशोधकांनीं दाखवून दिलें. जनुकें तपासण्याचें साधन हिंटन यांच्यापाशीं नव्हतें. त्यांच्यापाशीं होती ती चिठ्ठी बांधलेलीं कातडीं, कवट्या आणि कंपास. परंतु नमुने जपलेले होते, लिंग व ठिकाण लिहिलेलें होतें, म्हणून नव्वद वर्षांनंतर त्यांची साक्ष पुन्हां काढतां आली.

हा सातारी उंदीर सह्याद्रीच्या रानांतच राहतो, आणि जगांतील संकटग्रस्त प्राण्यांच्या यादींत त्याची गणना 'असुरक्षित' या वर्गांत झालेली आहे. घरउंदीर कोठेंहि जगतो, त्यास मारण्यासाठीं सरकार पैसा खर्च करतें. सातारी उंदीर रान तुटलें कीं संपला. दोघांची जात एकच मानली असती, तर एकाच्या विपुलतेखालीं दुसऱ्याचा नाश झांकून गेला असता, आणि कोणाच्या लक्षांतहि आलें नसतें कीं कांहीं गेलें. उलट प्रत्येक म्हाताऱ्या नरास व कोवळ्या मादीस निराळी जात मानीत गेलें, तर नांवांच्या त्या गर्दींत खरी निराळी जात कोणती, हें ओळखणेंच अशक्य होतें. भेद नसतां भेद पाहणें आणि भेद असतां तो न पाहणें, या दोन चुकांमधून जी अरुंद वाट जाते, ती ज्याचें माप घेतलें त्याची नीट ओळख करून घेण्याची वाट आहे.

सारांश, सहासात मिलिमीटरांच्या दाढांच्या ओळीनें शास्त्राला जो नियम शिकविला, तो साधा आहे. मापापूर्वीं धनी ओळखावा : तो नर कीं मादी, पोर कीं म्हातारा, त्याचा दांत वाढणारा कीं ठरलेला. आंकडा कितीहि बारीक काढला, तरी या तीन प्रश्नांचें उत्तर त्याच्या शेजारीं लिहिलेलें नसेल, तर तो निराधार आहे. प्लेगच्या काळीं अशा आंकड्यांवर शहरांतील माणसांचें जीवित अवलंबून होतें. आज सह्याद्रीच्या रानांतील एका लहानशा मुक्या प्राण्याचें अवलंबून आहे.